दौलतमामांचं मानपत्र

दौलतमामांना रस्त्यात मागून हाक मारू नये. मारलीच, तर ते वळत नाहीत. हात वर करून ‘ऐकलं, ऐकलं’ अशी खूण करतात आणि तसेच पुढे चालत राहतात, विजेचा पहिला खांब येईपर्यंत. खांबाला हात लावतात, मग वळतात आणि हसत हसत आपल्याकडे येतात. पेठ रोडला भाजी घेऊन बसणाऱ्या मावश्यांना हे चांगलं ठाऊक आहे. मामा गवारीच्या पाटीवरून दोन पावलं पुढे गेले, तरी गिऱ्हाईक गेलं असं त्या समजत नाहीत. “येतील खांबाला शिवून,” म्हणतात आणि गवार तोलून ठेवतात.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, चांगल्या माणसाच्या डोक्यावर परिणाम झाला. न राहवून विचारलंच.

“बाई, खो मिळाला अन् एकदा दिशा धरली, की धरली,” मामा म्हणाले. “मधूनच उलटं फिरलं की फाऊल. खांब गाठायचा, मंग वळायचं. पोरवयात अंगात बसलं ते बसलं.”

“अहो, पण इथे रस्त्यात कोण पंच बसलाय शिट्टी घेऊन?”

“नसला म्हणून काय झालं?”

मध्यंतरी रस्ता रुंद करायला शाळेसमोरचे खांब काढले होते, तेव्हा या माणसाचे फार हाल झाले. एकदा तर निमाणीच्या बसस्टँडपर्यंत चालत जाऊन परत आले. हाक मी मारली होती, आणि काम काय, तर खडूचा डबा संपला होता.

मामा आमच्या शाळेचे शिपाई. शाळेत शिपायांना सगळेच मामा म्हणतात, अगदी मुख्याध्यापकसुद्धा, तेव्हा नात्याचा गैरसमज नको. ते याच शाळेचे विद्यार्थी. ऑफिसातल्या कपाटात जुन्या ढालींमागे एक फोटो आहे. त्यात पहिल्या रांगेत हाताची घडी घालून एक काटकुळा पोरगा बसलाय, अर्ध्या चड्डीत, जगाला आव्हान दिल्यासारखा. खो-खो संघाचा कप्तान, दौलत. पळायला लागला की समोरच्या संघाचे लोक दमून खाली बसायचे, असं जुने लोक सांगतात. आता त्याच शाळेत ते घंटा वाजवतात. क्रीडाशिक्षकाची जागा कित्येक वर्षं रिकामी आहे. फाईल फिरते आहे म्हणे, कुठे फिरते देव जाणे. तोवर मैदान मामांचं. सकाळी साडेसहाला आणि संध्याकाळी शाळा सुटल्यावर, रोज, सुट्टीच्या दिवशीसुद्धा.

ते या महिन्याअखेर निवृत्त होणार होते. मी शाळेत मराठी शिकवते. त्यामुळे मानपत्र, आमंत्रणपत्रिका, फळ्यावरचा सुविचार, कोणी गेलं तर शोकसंदेश, ही सगळी धोंड माझ्याच गळ्यात. मुख्याध्यापकांनी सांगितलं, “फ्रेममध्ये मावेल एवढंच लिहा मॅडम, फार वाहवत जाऊ नका.” मी बसले लिहायला. ‘मनमिळाऊ’ लिहिलं आणि खोडलं. कारण मामा अजिबात मनमिळाऊ नाहीत. मैदानावर कोणी चपला घालून आलं तर ते आमदारालासुद्धा सोडणार नाहीत. ‘वक्तशीर’ लिहिलं, तेही खोडलं. त्याचं कारण घंटा.

घंटेची गोष्ट अशी. मामा घंटा वाजवायला हात वर करतात आणि फाटकाकडे बघतात. कोपऱ्यावरून एखादं पोर दप्तर सावरत पळत येताना दिसलं, की हात तसाच वर. पोर फाटकातून आत आलं, की मग टोला. कधी एका मिनिटाचा उशीर, कधी तीन मिनिटांचा. मुख्याध्यापक चिडून म्हणाले, “मामा, शाळा घड्याळावर चालते.” मामा म्हणाले, “हो सर. पण घड्याळाला पोरगं दिसत नाय ना.” मुख्याध्यापकांनी लेखी समज दिली. मामांनी ती घडी घालून खिशात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हात वर करून उभे.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे बक्षिसं. मामांचं घर मखमलाबादच्या बाजूला, फुलं-भाजीच्या मळ्यात. भाऊ मळा करतो. तिथून मामा रोज सकाळी सायकलला पिशवी लावून येतात. चांगला सूर मारला, कोथिंबिरीची जुडी. फाऊल न करता पूर्ण डाव खेळला, मेथी. मोठा गडी बाद केला, तर फ्लॉवरचा आख्खा गड्डा. आमच्याकडच्या आया एरवी पोरींना मैदानावर पाठवायला कुरकुर करतात. पण पोरगी संध्याकाळच्या भाजीची सोय करून घरी येते म्हटल्यावर कोण कशाला अडवेल? एका आईने तर मला विचारलं, “मॅडम, वांगी कशावर मिळतात?”

पण सगळ्यात मोठा डोक्याला ताप म्हणजे संघनिवड. खो-खोच्या संघाला ठरावीक नावं लागतात. मामांकडे पोरं-पोरी मिळून चाळीसच्या घरात, आणि हा गृहस्थ कोणालाच नाही म्हणत नाही. ज्याला पळता येत नाही तो पाणीप्रमुख. ज्याला नीट बसताही येत नाही तो चुनाप्रमुख, म्हणजे मैदानावर चुन्याच्या रेषा मारणारा. एकाला फक्त ओरडायला नेतात. त्याचा आवाज खरंच चांगला आहे. तालुक्याच्या सामन्यांना आमचा संघ उतरला की बसमधून पोरं उतरतच राहतात. संयोजकांची जेवणाची पाकिटं कमी पडतात, ते भांडायला येतात, आणि मामा म्हणतात, “साहेब, बसलेला पण खेळतच असतो. द्या पाकीट.” हे त्यांचं पेटंट वाक्य. बसलेला पण खेळतच असतो. खो-खोत आठ जण एकाआड एक उलट्या दिशेला तोंड करून बसलेले असतात, त्यांच्यावरून त्यांनी ते उचललंय. वर्गात पाढे न येणाऱ्या पोरासाठीही तेच आणि परीक्षेत नापास झालेल्यासाठीही तेच.

मी एकदा म्हटलं, “मामा, थोडी चाळण लावा हो. चांगल्या बारा पोरांवर मेहनत घ्या, जिल्हा काय, राज्यात जाल.”

“अन् बाकीच्यांनी काय करायचं?”

“घरी जायचं.”

मामा माझ्याकडे असे बघत राहिले, जसं काही मी कोणाचं तरी वाईट चिंतलं होतं. मग सायकल घेऊन निघून गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मानपत्रात ‘हसतमुख’ही लिहिता येईना ते असं.

तर मी तिसरा खर्डा फाडत होते, त्याच आठवड्यात योगिताचं प्रकरण झालं.

योगिता नववीतली. पेठकडच्या पाड्यावरची, शाळेजवळच्या वसतिगृहात राहणारी. हाडं मोजून घ्यावीत अशी पोर, पण पळायला लागली की डोळ्यांना सापडत नाही. विभागीय सामने तोंडावर आलेले आणि एका सोमवारी ती शाळेत नाही. वसतिगृहात चौकशी केली तर कळलं, बाप येऊन घेऊन गेला. निफाडकडे द्राक्षांच्या बागेत टोळी आली होती, विरळणीचं काम चालू होतं, आणि टोळीत एक हात कमी पडत होता.

आम्हा मास्तर लोकांना याचा अर्थ बरोबर कळतो. दिवाळीनंतर बागेवर गेलेली पोर हंगाम संपेपर्यंत परत येत नाही. तोवर परीक्षा जाते. मग वर्ष जातं. आणि पुढच्या वर्षी ती कोणाच्या तरी घरची सून झालेली असते. अशा दोन-तीन पोरी मी स्वतः हजेरीपटातून खोडल्या आहेत. मी हळहळले आणि मुकाट्याने तास घ्यायला गेले, खोटं कशाला सांगू?

शनिवारी मामा स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभे. “बाई, उद्या रविवार. मोकळ्या हायत का?”

“का?”

“निफाडला जायचं. शिपायाचं कोण ऐकतं? संगं मॅडम असली म्हंजे बाप जरा सावरून बसंल.”

मी कुरकुर केली, कमरेचं दुखणं पुढे केलं. पालथ्या घड्यावर पाणी. सकाळी सातला मी त्यांच्याबरोबर बसमध्ये होते.

बागेत पोचलो तेव्हा काम सुरू झालेलं. मांडवाखाली टोळी, सगळ्यांच्या हातात चिमुकल्या कात्र्या. विरळणी म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. घडात मणी दाटीने येतात. त्यातले बारके, आतले, वाकडे मणी कातरून टाकायचे, म्हणजे उरलेले मोठे होतात. योगिता मान वर करून कातरत होती. आम्हाला बघून हसली नाही. नजर खाली घातली.

बाप भला माणूस निघाला. मला बसायला पोतं घातलं, पाणी दिलं. पण ऐकेना. “मॅडम, मला काय हौस आहे का? दहा हात सांगितलेत मुकादमाला. एक कमी पडला तर आख्ख्या टोळीला बोलणं. पुढल्या सालाला कोण बोलवंल आमाला?”

त्याचं काही चूक नव्हतं. मी शिक्षणाचं महत्त्व यावर बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच तो निबंध मला बेचव वाटला.

तेवढ्यात मामांनी शर्टाच्या बाह्या सरसावल्या. “हात कमी पडतोय ना? हा घ्या हात. तिच्या जागी मी. आज करतो, महिन्याअखेर रिटायर झालो की रोज येतो. हंगाम संपंपर्यंत.”

बाप बघतच राहिला. “मामा, तुमच्याच्यानं व्हयाचं नाय.”

“अरे, माळ्याच्या पोटचा हे मी! मातीत वाढलो. द्राक्ष काय अन् झेंडू काय.”

योगिताच्या हातातली कात्री घेतली आणि उभे राहिले. मलाही नुसतं बसून राहायची लाज वाटली, मीही एक कात्री मागून घेतली. आता स्वतःची स्तुती करू नये, पण मला ते झटक्यात जमलं. जन्मभर पोरांचे निबंध तपासल्यावर फालतू मजकूर उडवायची सवय झालेली असते. मामांचं मात्र एक तासाने बघितलं, तर टोळी ओळीच्या पार टोकाला आणि मामा दुसऱ्या वेलीपाशी.

मी जवळ गेले. मामा एक घड तळहातावर घेऊन उभे होते, कात्री उघडी, कपाळाला आठ्या.

“अहो, कापा की!”

“हा बारका दिसतोय आत्ता,” मामा पुटपुटले. “पण देठ चांगला हे बघा. आठ दिवसांनी धरंल अंग.”

“मग तो शेजारचा कापा.”

“तो तर चांगला मोठा हे!”

“अहो, मग तो वाकडा.”

“वाकडा हे म्हणून काय कापायचा?”

मी कपाळावर हात मारला. योगिता मांडवाच्या खांबाआड उभी राहून ओढणी तोंडात कोंबून हसत होती. आठवड्याभरात पहिल्यांदाच हसली असावी.

दुपारी मुकादम आला. मामांच्या तिन्ही वेली बघितल्या. पुन्हा बघितल्या. “हे कोणी केलं? का केलंच नाय?”

“केलंय,” मामा म्हणाले. “जे अगदीच गेलेले होते ते काढले.” आणि पायाशी पडलेले पाच-सात मणी दाखवले.

मुकादमाचा पारा चढला. “अहो काका, सगळेच ठेवले तर एक बी फुगायचा नाय! अशानं मालक मला उभा चिरंल! कोणी आणला हा माणूस?”

टोळी थांबली. योगिताच्या बापाचं तोंड उतरलं. मामा तसेच उभे, कात्री हातात, शाळेत गृहपाठ न केलेल्या पोरासारखे. साठीचा माणूस, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. मला भरून आलं, आणि रागही आला, कोणाचा ते कळेना.

मग बाप पुढे आला. त्याने मामांच्या हातातली कात्री हळूच काढून घेतली. “मामा, तुमी बसा,” म्हणाला. मुकादमाकडे वळला. “ह्या तीन वेली मी करतो, अन् पोरीच्या वाटणीचं मी अन् तिची माय मिळून करतो. आमी दोघं उजाडायच्या आत लागू. दहा हातांचं काम झाल्याशी मतलब ना?” मुकादम कुरकुरला, पण माणूस कामाचा होता, कबूल झाला. मग बाप मामांना म्हणाला, “पोरीला घेऊन जा. शिकवा, पळवा, काय करायचं ते करा. पण एक करा, उद्यापासून तुमी हिकडं येऊ नका. तुमी आलात तर आमाला दुप्पट काम.”

मी हसले, टोळी हसली, मुकादमसुद्धा हसला. जगात एखादं काम न जमल्यामुळे कोणाचं भलं झालेलं मी तेवढंच पाहिलं.

परतीच्या बसमध्ये योगिता पुढच्या सीटवर शेंगदाणे खात बसली होती. मामा माझ्या शेजारी, खिडकीतून बाहेर बघत. मी म्हटलं, “मामा, सांगा खरं. आतापर्यंत किती पोरांच्या घरी असे गेलात?”

“मोजलं नाय.”

“पण का जाता? मास्तर आम्ही आहोत. आम्ही नाही जात.”

मामा बाहेर बघतच म्हणाले, “दहावीला होतो मी. राज्याच्या सामन्यांना शाळेचा संघ चालला होता. दसरा जवळ आलेला, झेंडूचा तोडा. बापानं सांगितलं, खेळ बंद, शाळा बंद, फुलं तोड. आमच्या घरात बापापुढं बोलायची टाप नव्हती. मी म्हटलं, सर येतील. शिंदे सर. कप्तान हे मी, माझ्याबिगर संघ कसा न्यायचा? सायकलीवर येतील, बापाला दोन शब्द सांगतील, बाप मास्तरांना मान द्यायचा, सोडंल मला. आठ दिवस, बाई, फुलं तोडता तोडता रस्त्याकडं बघत होतो. सायकल दिसली की काळीज उडायचं.”

“मग?”

“नाय आले.”

बस पिंपळाच्या थांब्यावर थांबली, दोन माणसं चढली. मामा पुढे म्हणाले, “नंतर शाळेत गेलोच नाय. पुढं इथं शिपायाची जागा निघाली, तवा पुन्हा त्या फाटकातून आत आलो.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही. मला माझं मानपत्र सापडलं होतं. तसं मी बोललेही, “मामा, हेच लिहिते मी.”

मामा एकदम माझ्याकडे वळले. “नका लिहू, बाई. सरांना वाईट वाटंल. आता थकलेत ते, एकटेच असतात गंगापूर रोडला. त्यांना बोलावलंय मी कार्यक्रमाला. मीच रिक्षा घेऊन आणायला जाणार हे.”

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला. जुने खेळाडू आले होते, कोणी पोलीस, कोणी नर्स, कोणी टेम्पो चालवणारा. चाळीसेक पोरांचा तो संघ भिंतीला टेकून बसलेला, योगिता मधोमध. अध्यक्ष घड्याळ बघत होते, कारण उत्सवमूर्तीच गायब. वीस मिनिटांनी मामा आले, एका हातात शिंदे सरांची काठी, दुसऱ्या हातात शिंदे सर. त्यांना पहिल्या रांगेत बसवलं, पंख्याखाली, पायांखाली स्टूल ओढलं आणि मगच स्वतः स्टेजवर चढले.

सत्कार झाला, शाल झाली. सरांना दोन शब्द बोलायला सांगितलं. कोणीतरी माइक त्यांच्या खुर्चीपाशी नेला. आवाज कापत होता, पण मास्तरकीचा ठसका तसाच.

“या दौलतसारखा पळणारा मी पुन्हा पाहिला नाही,” सर म्हणाले. टाळ्या पडल्या. सरांनी हात वर केला. “थांबा. एक गोष्ट मात्र आज सांगणार आहे. ह्याने मला दगा दिला होता! राज्य स्पर्धेला गाडी उभी, सगळा संघ तयार, आणि हा पठ्ठ्या गायब. कप्तान! कुठे उंडारत होता कोणास ठाऊक. आम्ही पहिल्याच सामन्यात हरून आलो. दौलत, मी अजून तुला माफ केलेलं नाही, बरं का!”

हॉलमध्ये हशा पिकला. जुने खेळाडू टाळ्या वाजवत होते. सरही बोळक्या तोंडाने हसत होते, बोट नाचवत होते. मला ओरडून सांगावंसं वाटलं, सर, तो आठ दिवस तुमच्या सायकलची वाट बघत होता हो!

मामा खुर्चीतून उठले. हारासकट, शालीसकट. दोन्ही हातांनी आपले कान पकडले, आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “चुकलं, सर.”

सर समाधानाने मान हलवत मागे टेकले.

मग माझं नाव पुकारलं गेलं. मी माइकपाशी गेले, चौकट हातात घेतली, मामांकडे बघितलं. त्यांनी अगदी किंचित मान हलवली, नको. मी चष्मा लावला आणि चौकटीत जेवढं लिहिलेलं होतं, घंटेचं, कोथिंबिरीचं, बसलेल्यांचं, तेवढंच वाचलं.